रात्रभर जागणारा हकीम

रमजान लागला की मोहल्ल्याचे घड्याळच बदलते. इशा आणि तरावीह आटोपून माणसे घरी येतात तोवर रात्रीचे दहा-साडेदहा होतात. कुरआनपठण, गप्पा, दुसऱ्या दिवशीची तयारी यांत मध्यरात्र उलटते आणि पहाटे चारच्या आत सहरीसाठी पुन्हा उठावे लागते. पहिले चार-पाच रोजे भुकेपेक्षा झोपेमुळेच जड जातात, हे प्रत्येक रोजेदाराला ठाऊक असते. दुपारी डोळे मिटतात, अस्रच्या सुमारास डोके जड होते. मग दुसरा अशरा लागेपर्यंत शरीर हळूहळू नव्या वेळांशी जुळवून घेते.

झोप आणि जागरणाचा तब्येतीशी असलेला हा संबंध ज्यांच्या ग्रंथातून हकिमांच्या पिढ्यान् पिढ्या शिकल्या, ते बू अली इब्न सिना रमजानच्याच महिन्यात जग सोडून गेले. हिजरी सन होते ४२८, इसवी सन १०३७. युरोपने त्यांना अविसेना म्हटले आणि त्यांचा ‘अल-कानून फित-तिब’ शेकडो वर्षे आपल्या विद्यापीठांत शिकवला. झोपेचे नियम लिहिणारा हा माणूस स्वतः मात्र आयुष्यभर रात्रीचा जागला.

इब्न सिना यांचा जन्म आजच्या उझबेकिस्तानातील बुखारा शहराजवळच्या अफशाना या खेड्यात इसवी सन ९८० च्या सुमारास झाला. वडील अब्दुल्लाह मूळचे बल्खचे, सामानी राजवटीत महसुली कारभार पाहणारे. आईचे नाव सितारा. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब बुखाऱ्याला आले. दहाव्या वर्षी मुलाचे कुरआन पाठ झाले होते. हिशेबाची हिंदी पद्धत, म्हणजे भारतातून तिकडे गेलेली अंकांची रीत, शिकण्यासाठी वडिलांनी त्याला एका भाजीविक्याकडे पाठवले. पुढे जगाचा गुरू ठरलेल्या माणसाचा गणिताचा पहिला उस्ताद तराजू घेऊन बसणारा होता, ही गोष्ट इब्न सिना यांनी स्वतःच्या वृत्तांतात विनासंकोच नोंदवली आहे.

सोळाव्या वर्षी त्यांनी वैद्यक हाती घेतले आणि ते त्यांना अवघड वाटले नाही. अवघड वाटले ते तत्त्वज्ञान. त्यानंतरचे दीड वर्ष त्यांनी तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान पुन्हा मुळापासून वाचले. या काळात एकही रात्र ते पूर्ण झोपले नाहीत. समोर दिवा, पुढ्यात कागदांची चळत. एखाद्या प्रश्नावर गाडी अडली की ते मशिदीत जात, नमाज अदा करत, दुआ मागत आणि परत येऊन दिव्याजवळ बसत. डोळ्यांवर झापड आली की एक पेला पिऊन ताजेतवाने होत. त्या पेल्यासाठी त्यांनी वापरलेला अरबी शब्द ‘शराब’ असा आहे. त्याचा अर्थ साधे पेय असाही होतो, आणि ज्याला जसा हवा तसा तो अर्थ लावला गेला आहे. पुढच्या काळातील मैफलींबाबत मात्र शिष्याने आडपडदा ठेवलेला नाही, ते येईलच. या रात्रींत कधी झोप लागलीच, तर दिवसा न सुटलेले प्रश्न स्वप्नात सुटत, असेही त्यांनी नोंदवून ठेवले आहे.

आज यातल्या दोन गोष्टींकडे शास्त्र वेगळ्या नजरेने पाहते. पहिली म्हणजे वय. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळ निसर्गतःच मागे सरकते. अंधार पडल्यावर मेंदूतील पिनियल ग्रंथीतून पाझरणारे मेलाटोनिन हे रात्रीचा निरोप देणारे संप्रेरक या वयात उशिरा वाढते. म्हणून सोळा-सतरा वर्षांची मुले रात्री उशिरापर्यंत टवटवीत आणि सकाळी गळून गेलेली दिसतात. घरातले त्याला आळस म्हणतात, तो सगळा आळस नसतो. दुसरी गोष्ट स्वप्नातल्या उत्तरांची. दिवसभरात शिकलेले मेंदू झोपेतच पक्के करतो, जुन्या ज्ञानाशी त्याची सांगड घालतो. म्हणजे तरुण इब्न सिना ज्या झोपेला शत्रू समजून पळवून लावत होते, तीच त्यांचा अभ्यास पुढे नेत होती.

बुखाऱ्याचा अमीर नूह इब्न मन्सूर आजारी पडला तेव्हा दरबारी हकिमांबरोबर या पोरसवदा हकिमालाही बोलावले गेले. अमीर बरा झाला आणि इब्न सिना यांना शाही ग्रंथालयाचे दार उघडले. अठराव्या वर्षी त्यांचे वाचन पूर्ण झाले होते. नंतर ज्ञान पिकत गेले, नवे असे फारसे काही मिळाले नाही, असे त्यांचे स्वतःचे मत. पुढे सामानी सत्ता कोसळली, वडील वारले आणि भटकंती सुरू झाली. गुरगंज, नसा, अबीवर्द, तूस, जुर्जान. जुर्जानचा ज्या अमीर काबूसच्या आशेने ते निघाले, तो ते पोहोचेपर्यंत कैदेत पडून मरूनही गेला. या सगळ्या पायपिटीतून एक माणूस मात्र हाती लागला. जुर्जानमध्ये अबू उबैद अल-जुझजानी हा शिष्य त्यांना येऊन मिळाला आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे सोबत राहिला. इब्न सिना कसे जगले, कधी झोपले, काय खाल्ले, कशाने गेले, हे जगाला माहीत आहे ते बव्हंशी या शिष्यामुळे.

‘कानून’ची सुरुवात जुर्जानलाच झाली. रय शहरातून ते हमदानला आले, आणि तिथे त्यांच्या दिवसाचे सरळ दोन तुकडे झाले. हमदानचा अमीर शम्सुद्दौला पोटशुळाने तळमळत होता. अरबी-फारसी वैद्यकात त्याला कुलंज म्हणतात. इब्न सिना चाळीस दिवस त्याच्या उशाशी राहिले आणि तो बरा झाला. बक्षीस म्हणून वजिरी मिळाली. वजिरी म्हणजे सुख नव्हे. पगारावरून चिडलेल्या सैनिकांनी त्यांचे घर लुटले, त्यांना पकडले आणि अमिराकडे त्यांचे शिर मागितले. अमिराने शिर दिले नाही, वजिरी तेवढी काढून घेतली. इब्न सिना चाळीस दिवस एका परिचिताच्या घरी लपून राहिले. तेवढ्यात अमिराचे पोट पुन्हा दुखू लागले, माफी मागून त्यांना परत बोलावले गेले आणि पुन्हा वजीर करण्यात आले.

याच काळात जुझजानीने त्यांना ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवर भाष्य लिहा म्हणून गळ घातली. तेवढी फुरसत नाही, पण स्वतःचे विचार मांडणारा ग्रंथ लिहीन, असे त्यांचे उत्तर. तो ग्रंथ म्हणजे ‘किताबुश शिफा’. आता दिवस सगळा अमिराच्या चाकरीत जायचा. उरायची ती रात्र. अंधार पडला की विद्यार्थी इब्न सिना यांच्या घरी जमत. जुझजानी ‘शिफा’तला भाग वाचत असे, दुसरा कोणी ‘कानून’मधला. चर्चा व्हायची, सुधारणा व्हायच्या. वाचन संपले की गवई येत, खाणेपिणे मांडले जाई, मद्याचे पेले फिरत. पुन्हा सकाळी दरबार. एका माणसाने दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्ही करावी तसा हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. अमीर शम्सुद्दौलाच्या मृत्यूनंतर ते एका अत्ताराच्या घरी लपून बसले तेव्हाही हात थांबला नाही. ‘शिफा’चे मुख्य मुद्दे दोन दिवसांत मांडून काढले आणि मग रोज पन्नास पाने या वेगाने ते लिहीत राहिले.

ज्या ‘कानून’चे वाचन या रात्री होत होते, त्याच्या पहिल्या भागात माणसाच्या तब्येतीचे सहा आधार सांगितले आहेत. हवा, अन्नपाणी, शरीराची हालचाल आणि विसावा, मनाची हालचाल आणि विसावा, झोप आणि जागरण, आणि मलमूत्रादी शरीरातून बाहेर टाकणे किंवा आत धरून ठेवणे. मांडणी मूळ ग्रीक परंपरेची, जालिनूसकडून आलेली. इब्न सिना यांनी ती घट्ट बांधली. मालेगाव, पुणे, मुंबईच्या युनानी महाविद्यालयांत आजही विद्यार्थी ‘अस्बाब-ए-सित्ता जरुरिया’ या नावाने ती शिकतात.

झोपेबद्दल ‘कानून’ सांगतो ते थोडक्यात असे. झोपेत शरीराची नैसर्गिक उष्णता आत वळते आणि अन्न पचवते. फार जागरणाने मेंदू कोरडा पडतो, पचन बिघडते, ताकद जाते. धड झोप नाही, धड जागेपण नाही, अशी रात्रभराची तळमळ वाईट. जेवण पोटाच्या वरच्या भागातून खाली उतरल्यावर लागलेली गाढ झोप सर्वांत चांगली. दिवसाची झोप वाईट, तिने चेहऱ्याचा रंग जातो, अंग सुस्त होते. पण ज्याला दिवसा झोपण्याची सवय जडली आहे त्याने ती एकदम तोडू नये, हळूहळू सोडावी. हा शेवटचा सल्ला मोठ्या अनुभवी हकिमाचा आहे. (जोहरच्या आसपासची थोडीशी डुलकी, जिला कैलूला म्हणतात आणि जी सुन्नत मानली जाते, ती वेगळी. दुपारी जागेपणाची पातळी काही काळ खाली येते, हे आता मोजून पाहिलेले आहे.)

इब्न सिना यांना सगळे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळलेला बरा. त्यांचे स्पष्टीकरण उष्णता, ओलावा आणि चार द्रवांवर उभे होते, आणि ते आज टिकत नाही. टिकले आहे ते त्यांचे निरीक्षण. त्यामागचे यंत्र सापडायला विसावे शतक उजाडावे लागले. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची जिथे फुली होते त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. बाहेरचा उजेड बंद केला तरी ते चालत राहते, पण चोवीस तासांपेक्षा थोडे हळू. म्हणून सकाळच्या उजेडाने ते रोज पुढे ढकलून जुळवावे लागते. डोळ्याच्या पडद्यावर यासाठी खास पेशी असतात; दिसण्याशी त्यांचा संबंध थोडा, वेळ कळण्याशी जास्त. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते, ठरावीक प्रथिने रात्री कशी साठतात आणि नंतर कशी विरतात, हे फळमाशीवर उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रोसबॅश आणि मायकल यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणखी एक गोष्ट नंतर कळली, आणि ती रमजानमध्ये जवळून पाहण्यासारखी आहे. घड्याळ एकटे मेंदूत नसते. यकृत, स्वादुपिंड, आतडी या सगळ्यांत आपापली घड्याळे असतात. मेंदूचे घड्याळ उजेड पाहून चालते, पोटातली घड्याळे जेवणाच्या वेळेकडेही पाहतात. रात्री उशिरा खाल्लेल्या अन्नातील साखर शरीराला दिवसाइतकी नीट हाताळता येत नाही. मोठे आतडे रात्री जवळजवळ स्वस्थ पडून असते. सकाळी उठल्यावर आणि खाल्ल्यावर त्याची हालचाल वाढते. दिवा लावून मध्यरात्री जेवणाऱ्या माणसाचा मेंदू एक वेळ सांगतो आणि पोटाला वेगळीच वेळ कळते. हमदानच्या त्या घरात तेलाच्या दिव्याचा उजेड मंद आणि पिवळसर. सूर्यप्रकाशासारखा तो घड्याळाला जोराने ढकलू शकत नव्हता. म्हणजे सकाळी दरबारात जाणाऱ्या वजिराचे शरीर दिवसाच्याच तालावर राहत होते, आणि रात्रीचे लिहिणे, खाणे, पिणे त्या तालाच्या विरुद्ध चालले होते.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर रात्रपाळी करणाऱ्या, रुग्णालयांत आणि रेल्वेत रात्र काढणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. दिवसा अंथरुणावर पडले तरी झोप तुटक येते, पोट धड राहत नाही, हे ते रोज भोगतात. रात्रपाळीत वर्षे काढणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका वाढलेला आढळतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरली आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तोच निष्कर्ष कायम ठेवला. हमदानचा वजीर निदान स्वतःच्या हौसेने जागत होता. मागावर उभ्या असलेल्या माणसाला ती निवड नसते.

हमदानमध्ये शेवटी इब्न सिना यांच्यावर इस्फहानच्या अमिराशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा संशय आला आणि त्यांना फर्दजानच्या किल्ल्यात टाकण्यात आले. चार महिन्यांच्या त्या कैदेतही त्यांनी ग्रंथ लिहिले. त्यांतला एक कुलंजावर, म्हणजे पोटशुळावर होता. सुटकेनंतर काही काळाने सुफीचा वेश घालून, जुझजानी, स्वतःचा भाऊ आणि दोन गुलामांसह ते इस्फहानला निसटले. तिथला अमीर अलाउद्दौला याने त्यांना मान दिला. शुक्रवारच्या रात्री दरबारात विद्वानांची बैठक भरत असे आणि इब्न सिना त्यात असत.

इस्फहानचीच एक रात्र जुझजानीने बारकाईने नोंदवली आहे. तर्कशास्त्रावरील त्यांच्या एका ग्रंथाबद्दल शिराजच्या विद्वानांनी शंका लिहून पाठवल्या होत्या. कडक उन्हाळ्याचे दिवस, सूर्य मावळतीला आलेला, तेव्हा तो कागद इब्न सिना यांच्या हाती पडला. लोक भोवती बोलत बसले असताना ते तो वाचत राहिले. मग त्यांनी जुझजानीकडून कोरे कागद मागवून घेतले. इशाची नमाज झाल्यावर मेणबत्त्या लावल्या गेल्या, पेय मागवले गेले. जुझजानी आणि इब्न सिना यांचा भाऊ असे दोघे समोर बसले, आणि ते उत्तरे लिहू लागले. अर्धी रात्र गेली. समोरच्या दोघांना झोप आवरेना, तेव्हा त्यांनी त्यांना जायला सांगितले. पहाटे दारावर थाप पडली. गुरूंनी जुझजानीला बोलावले होते. तो गेला तर इब्न सिना मुसल्ल्यावर बसलेले आणि पुढ्यात दहा-दहा पानांचे पाच गठ्ठे. जासूद खोळंबून राहू नये म्हणून घाई केली, एवढेच त्यांचे म्हणणे. एका रात्रीत पन्नास पाने. जुझजानीने हे कौतुकाने लिहिले आहे आणि ते वाचताना कौतुक वाटतेच. पण ते तेव्हा तिशीत नव्हते, आणि ही रात्र एकटी नव्हती.

प्रकृती दणकट असल्याने त्यांनी तिची पर्वा केली नाही, असे हाच शिष्य पुढे लिहितो. खाण्यापिण्यात आणि भोगात संयम राहिला नाही, असेही तो स्पष्टच सांगतो. एका मोहिमेत, अमिराच्या फौजेबरोबर असताना, त्यांना कुलंजाने गाठले. फौजेला माघार घ्यावी लागली तर आजारी माणूस मागे राहील, या धास्तीने लवकर बरे होण्यासाठी त्यांनी एकाच दिवसात आठ वेळा बस्ती, म्हणजे एनिमा, घेतला. आतड्याला जखमा झाल्या. त्याही अवस्थेत प्रवास करावा लागला आणि वाटेत फेफऱ्यासारखे झटके येऊ लागले. वायू मोडण्यासाठी त्यांनी बस्तीत दोन दानक अजमोदाचे बी घालायला सांगितले. उपचार करणाऱ्या हकिमाने पाच दिरहम घातले, सांगितल्याच्या पंधरा पट. चुकून की मुद्दाम, हे जुझजानीला कळले नाही, कारण तो त्या वेळी जवळ नव्हता. झटक्यांवरच्या औषधात एका नोकराने भरमसाट अफू मिसळली. खजिन्यातून चोरी केलेल्या नोकरांना मालक बरा झाला तर आपले काय होईल याची भीती होती.

नुसत्या जागरणाने त्यांचा जीव घेतला, असे म्हणता येत नाही. पोटाच्या आजाराला युद्ध, प्रवास, चुकीची मात्रा आणि विश्वासघात यांची जोड होती. मात्र कुलंजावर ग्रंथ लिहिलेला, कुलंज बरा करून वजीर झालेला हकीम कुलंजानेच खिळला, आणि पथ्य कसे असावे हे त्याच्याइतके कोणाला माहीत नव्हते. इस्फहानला नेल्यावर उभे राहण्याचीही ताकद उरली नव्हती. थोडे बरे वाटताच ते पुन्हा दरबारात जाऊ लागले. पथ्य पाळले नाही. बरे होणे आणि पुन्हा पडणे असे चालू राहिले.

अलाउद्दौला हमदानकडे निघाला तेव्हा ते सोबत गेले आणि वाटेत दुखणे उलटले. हमदानला पोहोचेपर्यंत त्यांना कळून चुकले होते की शरीराचा कारभार पाहणारी शक्ती आता राहिली नाही आणि औषधाचा उपयोग नाही. त्यांनी उपचार थांबवले. इब्न खल्लिकान लिहितात की अखेरच्या दिवसांत त्यांनी गुस्ल केले, तौबा केली, जवळचे होते ते गरिबांना वाटले, ज्यांचे देणे होते त्यांना परत केले, गुलामांना मुक्त केले आणि दर तीन दिवसांनी एक कुरआन पूर्ण करू लागले. त्या वर्षी रमजान जूनमध्ये आला होता, रात्र लहान आणि दिवस मोठा. रमजानच्या एका शुक्रवारी ते गेले. चांद्र वर्षांनी वय अठ्ठावन्न.

हमदानमध्येच त्यांचे दफन झाले. कबरीवर आज जो उंच मनोरा आहे तो विसाव्या शतकाच्या मध्याचा. जुझजानीकडे गुरूंची जुनी टिपणे उरली होती. ‘नजात’ या ग्रंथात गणिताचा भाग यायचा राहून गेला होता. भूमिती, खगोल आणि अंकगणित यांवरची ती टिपणे काढून त्याने तो भाग जुळवला आणि ग्रंथ पुरा केला.